रोज सकाळी गोठा कोण झाडणार?

मूर्तिजापूर म्हटले की वऱ्हाडाबाहेरच्या माणसाला बहुधा 'शकुंतला' आठवते. यवतमाळ आणि अचलपूरकडे कापसाच्या गाठींसाठी टाकलेली ती अरुंद रुळांची गाडी आता थांबली आहे. पण तिच्यावर इतके लिहिले गेले की या गावाची दुसरी ओळख मागे पडली. ती ओळख म्हणजे गाडगेबाबांनी इथे उभे केलेले गोरक्षण. थकलेल्या, सोडून दिलेल्या, कोणाच्याच कामाच्या न उरलेल्या जनावरांना आसरा देणारी ही जागा. आज आपण बोलणार आहोत ते अशा जागांच्या इतिहासाबद्दल, आणि विशेषतः तिथे कोणी न सांगता, मोबदला न घेता राबणाऱ्या हातांबद्दल.

मुक्या जनावरांची सोय लावण्याची कल्पना आपल्याकडे फार जुनी आहे. सम्राट अशोकाच्या दुसऱ्या शिलालेखात माणसांच्या बरोबरीने जनावरांच्या औषधोपचारांची व्यवस्था केल्याचा उल्लेख आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस हिंदुस्थानात आलेल्या राल्फ फिच या इंग्रज प्रवाशाने खंबायतमध्ये लंगड्या कुत्र्या-मांजरांसाठी आणि पाखरांसाठी चालवलेले दवाखाने पाहिले, आणि त्याला मोठे नवल वाटले.

आपल्या मुंबईची गोष्ट तर अधिकच बोलकी आहे. १८३२ साली कंपनी सरकारने मोकाट कुत्री मारण्याची मोहीम काढली. कुत्रे मारणाऱ्याला बक्षीस असे. त्यामुळे लोकांच्या दारातली कुत्रीही सुटेनात. पारशी समाज खवळला, दंगल झाली, बाजार बंद पडले. दंगल शमली तरी कुत्र्यांचे काय करायचे, हा प्रश्न उरलाच. त्यातूनच १८३४ साली सर जमशेटजी जिजीभाई आणि गुजराती व्यापारी यांनी मिळून मुंबईचा पांजरपोळ काढला. व्यापाऱ्यांनी आपल्या मालावर आपणहून लाग बसवला आणि त्यातून चारापाण्याचा खर्च भागवला. पुढे १९६० साली प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा केंद्राचा कायदा झाला, त्यात जखमी किंवा छळलेल्या जनावराला कुठे पाठवायचे हे सांगताना 'पांजरपोळ' हा शब्द जसाच्या तसा आला. आपल्या बाजारपेठेतला एक शब्द असा थेट कायद्यात जाऊन बसला.

पण या व्यवस्थेत एक खोच होती. पैसा शेठजींचा, पुण्य शेठजींचे, आणि शेण काढणारा मात्र पगारी गडी. दान देणारा माणूस गोठ्यात क्वचितच उतरे. सणावाराला येऊन गुळाचा खडा आणि हिरव्या चाऱ्याची पेंढी दिली की त्याचे कर्तव्य संपे. यात काही वाईट होते असे नाही. चारा पैशानेच येतो. तरीही जनावर आणि माणूस यांच्यात एक अंतर राहून गेले होते. ते अंतर तोडणारा माणूस मूर्तिजापूरच्या मातीत वाढला.

डेबूजी झिंगराजी जानोरकर यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी, परीट समाजात झाला. वडील व्यसनापायी लवकर गेले, होते नव्हते ते शेतही हातचे गेले. आई सखुबाई मुलाला घेऊन मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला भावाकडे आली. तिथे डेबूजीच्या वाट्याला पहिले काम आले ते गुरे राखण्याचे. पाटीपुस्तक नाही, जे शिकायचे ते गुरांच्या मागे. कोणती गाय कशाने चरत नाही, बैलाने मान का टाकली, पावसात गोठ्याची कोणती बाजू गळते, हे ज्ञान ऐकून येत नाही. ते रोज गोठा झाडणाऱ्यालाच येते. मोठेपणी लोक ज्यांना गाडगेबाबा म्हणू लागले, त्यांची भूतदया अशी शेणामातीतून आलेली होती.

त्या काळचा वऱ्हाड म्हणजे कापसाचा मुलूख. १८६७ साली रेल्वे नागपूरपर्यंत पोचली, आणि आमच्या काळ्या जमिनीतला कापूस मुंबईमार्गे मँचेस्टरला जाऊ लागला. पण शेत नांगरायला, वखरायला, डवरायला आणि कापसाच्या गाड्या स्टेशनापर्यंत ओढायला बैलच होते. इतिहासाच्या पुस्तकांत रेल्वे येते, जिनिंग-प्रेसिंग येते, व्यापारी येतात. बैल येत नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी त्याचे खांदे शेकायचे, दुसऱ्या दिवशी झूल घालून मिरवायचे, पुरणपोळी द्यायची, एवढी कृतज्ञता शेतकरी पाळत आला. मात्र बैल म्हातारा झाला, बसला की उठेना झाला, की गरीब शेतकऱ्यापुढे मोठा पेच पडे. घरात माणसांनाच पुरेसे नाही, तर काम न करणाऱ्या तोंडात कडबा कसा घालायचा? १८९९-१९००चा दुष्काळ वऱ्हाडाने सोसला तेव्हा चाऱ्याअभावी दावणी रिकाम्या झाल्या. डेबूजी त्या वेळी तेवीस-चोवीस वर्षांचे, बायकामुलांचे, कुणबिकी करणारे गृहस्थ होते. हा दुष्काळ त्यांनी शेतकरी म्हणून पाहिला आहे.

त्यांच्या मनाचा कल याच्याही आधी दिसला होता. मुलीच्या बारशाला जातभाईंना दारू आणि मटण घालण्याची रीत होती. डेबूजींनी ती मोडली आणि गोड जेवण वाढले. भावकी रागावली. पण आपल्या घरच्या आनंदासाठी दुसऱ्या जिवाचा गळा कापायचा नाही, ही गाठ त्यांनी मनाशी बांधलेली होती. १ फेब्रुवारी १९०५ रोजी त्यांनी घर सोडले. पुढची पन्नासहून अधिक वर्षे हातात खराटा आणि खापराचे गाडगे घेऊन हा माणूस महाराष्ट्रभर हिंडला. गावात शिरला की आधी रस्ता झाडायचा, मग भाकरी मागायची; आणि रात्री कीर्तन. त्या कीर्तनात दारू, कर्ज, शिवाशीव यांच्याबरोबर जत्रेतल्या नवसाच्या बोकडाचाही विषय हमखास निघे. श्रोत्यांना प्रश्न विचारत, हसवत, कोंडीत पकडत ते देवाच्या नावाने होणारी पशुहत्या सोडायला लावत. अनेक ठिकाणी ती थांबलीही.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उत्तर हिंदुस्थानात आणि आपल्याकडे नागपूरलाही गोरक्षणाच्या सभा निघाल्या होत्या. त्या चळवळीला पुढे काही ठिकाणी भांडणतंट्याचे वळण लागले, हाही इतिहास आहे. बाबांचा मार्ग निराळा होता. त्यांनी कोणाविरुद्ध आरोळी ठोकली नाही. त्यांचे बोलणे ज्याच्या दावणीला जनावर बांधले आहे त्याच्याशी, म्हणजे आपल्याच माणसाशी असे.

१९२५ साली बाबांनी मूर्तिजापूरला गोरक्षणाचे काम उभे केले. त्याच सुमारास इथे धर्मशाळा आणि विद्यालयही बांधले गेले. या तीन गोष्टी एकाच गावात एकत्र याव्यात, याचा अर्थ नीट पाहण्यासारखा आहे. वाटसरूला निवारा, पोराला अक्षर, आणि थकल्या जनावराला दावण. बाबांच्या लेखी ही वेगवेगळी खाती नव्हती. भुकेल्याला अन्न आणि तहानेल्याला पाणी इथपासून सुरू होणारी त्यांच्या शिकवणुकीची जी यादी आज ठिकठिकाणी भिंतींवर लिहिलेली दिसते, तिच्यात मुक्या प्राण्यांना अभय हेही एक कलम आहे. ते माणसांच्या गरजांच्या रांगेतच बसवलेले आहे.

बाबांची पद्धत अशी की स्वतः काम करायचे आणि बघ्याच्या हातात कधी टोपले गेले, हे त्याला कळूही द्यायचे नाही. पूर्णेच्या काठी ऋणमोचनला यात्रेकरू चिखलात घसरून पडत, म्हणून ते स्वतः दगडमाती वाहू लागले. पाहता पाहता लोक हाताशी आले आणि १९०८ साली तिथे घाट झाला. हीच रीत त्यांच्या सगळ्या संस्थांच्या मुळाशी आहे. आज आपण 'स्वयंसेवक' म्हणतो, अर्ज भरून घेतो, ओळखपत्र देतो. बाबांकडे यातले काही नव्हते. खराटा हेच ओळखपत्र.

आता गोठ्यातले काम म्हणजे नेमके काय, तेही पाहू. एका मोठ्या जनावराला दिवसाला पाच ते आठ किलो सुका चारा लागतो, हिरवा मिळाला तर पंधरा-वीस किलो. पाणी चाळीस लिटरच्या पुढे, उन्हाळ्यात त्याहून पुष्कळ जास्त. शेण दहा-पंधरा किलो. शंभर जनावरे असली तर रोज टनाहून अधिक शेण उचलावे लागते. तेही दिवाळीला, लग्नसराईत आणि मुसळधार पावसातसुद्धा. शिवाय गोचीड काढायचे, खूर पाहायचे, बसलेल्या जनावराची कूस दिवसातून तीन-चार वेळा बदलायची. नाही तर अंगाला जखमा पडतात आणि त्यांत अळ्या होतात. गावात मोकाट फिरलेल्या जनावराच्या पोटात प्लास्टिकच्या पिशव्यांचा गोळा असतो. ते जनावर पोट भरल्यासारखे दिसते आणि उपाशी मरते. हे ओळखायला रोजची नजर लागते.

आमच्या भागात त्यात आणखी दोन अडचणी आहेत. मूर्तिजापूर हा पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातला तालुका. जमिनीखालचे पाणी खारे, त्यामुळे विहीर खोदली म्हणून जनावराचा प्रश्न सुटतोच असे नाही. दुसरी अडचण चाऱ्याची. एके काळी वऱ्हाडात ज्वारी अमाप होती, आणि ज्वारीबरोबर कडबा आपोआप येई. १९९०नंतर सोयाबीन वाढले, ज्वारी आटली, आणि कडब्याच्या जागी कुटार आले. दाण्याचा भाव आपण बाजारात विचारतो. कडबा गेल्याचा हिशेब मात्र गोरक्षणाच्या गंजीवर दिसतो.

मग बैलाचे काय झाले? ट्रॅक्टर आला, आणि बैलाचे काम हळूहळू संपले. २०१९च्या पशुगणनेत देशातल्या नर गोवंशाची संख्या २०१२च्या मानाने सुमारे ३० टक्क्यांनी घटल्याचे दिसले. सात वर्षांत झालेली ही घट साधी नव्हे. महाराष्ट्रात २०१५ साली बैल आणि वळूंच्या कत्तलीवरही बंदी आली. तिच्या बाजूने आणि विरोधात खूप बोलले गेले, ते सर्वांना ठाऊक आहे. परंतु बाजू कोणतीही घेतली तरी एक प्रश्न उरतो : जनावर जिवंत राहिले, आता त्याला उद्या सकाळी चारा कोण घालणार? सरकार कायदा करू शकते, अनुदानही देऊ शकते. पाठीवर पाटी घेणारा माणूस काही सरकारी आदेशाने तयार होत नाही.

२०२२ साली लम्पी त्वचारोग आला तेव्हा हे पुन्हा कळले. अंगभर गाठी, ताप, पायांना सूज. माश्या, डास आणि गोचीड यांच्यामार्फत पसरणारा रोग. विदर्भातही त्याने गुरे नेली. गुरांचे बाजार बंद झाले, शेळ्यांच्या देवीवरची लस टोचण्याची मोहीम निघाली. लस पशुवैद्यकाने टोचायची. पण आजारी जनावर वेगळे बांधणे, जखम धुणे, गोठ्यात धूर करणे, तोंडाशी पाणी धरणे हे काम गावोगाव घरच्या माणसांनी आणि आपणहून आलेल्या पोरांनी केले. त्यांची नावे कुठल्या अहवालात नाहीत.

अशी माणसे सगळीकडे असतात. गडचिरोलीत हेमलकशाला १९७३ साली लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. तिथे डॉ. प्रकाश आमटे यांनी शिकारीत आई गमावलेल्या रानटी पिलांचे अनाथालय मांडले. कार्यकर्त्यांनी माणसांच्या दवाखान्याबरोबर तेही सांभाळले. पार युरोप-अमेरिकेत फेरेट नावाचा एक मुंगसासारखा लांबट प्राणी आहे. पूर्वी सशांच्या बिळात सोडायला तो पाळत, आता हौसेने पाळतात, आणि हौस फिटली की सोडून देतात. त्यांच्यासाठीही तिकडे आश्रयगृहे आहेत, आणि नोकरदार माणसे सुटीच्या दिवशी तिथे जाऊन पिंजरे धुतात. प्राणी वेगळा, मुलूख वेगळा. पण सोडून देणारा माणूस आणि सांभाळणारा माणूस, दोघेही ओळखीचे वाटतात.

२० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीकडे जाताना, वलगावजवळ पेढी नदीच्या परिसरात बाबांनी देह ठेवला. त्यांच्या नावाने २००० साली ग्रामस्वच्छता अभियान निघाले, २००५ साली अमरावती विद्यापीठाला त्यांचे नाव मिळाले. हे सारे योग्यच झाले. तरी बाबांची आठवण ठेवायची सर्वांत साधी जागा म्हणजे आपल्या गावाजवळचा गोठा किंवा गोरक्षण. वाढदिवसाला तिथे पाचशे-हजार रुपयांचा चारा देणे चांगलेच. त्याच्या जोडीला महिन्यातली एक सकाळ द्यावी. जाताना जुने कपडे घालावेत, फोटो काढायची घाई करू नये, आणि तिथल्या गड्याला विचारावे, 'भाऊ, आज काय करायचं?' तो सांगेल ते करावे. बहुतेक वेळा तो कोपऱ्यातल्या खराट्याकडे बोट दाखवील.