मांसाच्या तुकड्याचे नाव

वन्यजीव कायदा प्राण्याला जातीच्या नावाने संरक्षण देतो. चोरट्या व्यापाराची पहिली धडपड असते ती हेच नाव पुसण्याची. कातडे, शिंग, नख शाबूत असेल तोवर जाणकाराची नजर पुरते, केसांना सूक्ष्मदर्शक पुरतो. मात्र मांस कापून, वाळवून किंवा शिजवून आले, की ‘हे बकऱ्याचे आहे’ एवढा बचावही भारी पडतो. जनुकीय चाचणीने हे हरवलेले नाव परत मिळवून दिले. पण नुसत्या नावाने गुन्हा सिद्ध होत नाही, हेही या चाचणीच्या इतिहासानेच दाखवून दिले.

त्याचा उत्तम दाखला देवमाशांच्या बाजारात सापडतो. 1986 पासून व्यापारी शिकारीवर आंतरराष्ट्रीय स्थगिती होती. तरी जपान ‘संशोधना’साठी मिंक जातीचे देवमासे मारत असे आणि त्यांचे मांस रीतसर विकले जाई. या वैध मालाच्या आडून दुसरेही काही विकले जाते का, हे पाहण्यासाठी स्कॉट बेकर आणि स्टीफन पालुम्बी या संशोधकांनी 1993 मध्ये जपानी बाजारातले नमुने तपासले. देवमाशाचे मांस परवान्याशिवाय देशाबाहेर नेण्यास वन्यजीव व्यापाराच्या कराराने मज्जाव होता. म्हणून त्यांनी हॉटेलच्या खोलीतच छोटे यंत्र मांडून डीएनएच्या कृत्रिम प्रती काढल्या आणि त्या तेवढ्या बाहेर नेल्या. 1994 मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात निष्कर्ष आले: मिंकच्या जोडीला फिन आणि हम्पबॅक देवमाशांचे मांसही विक्रीला होते.

यावर आक्षेप आला, की हा बंदीपूर्व काळातला गोठवलेला साठा असेल. तो उडवून लावण्याजोगा नव्हता, कारण चाचणी जात सांगते, शिकारीची तारीख सांगत नाही. फिन देवमाशाचे मांस पूर्वी आइसलँडहून आयात होत असे, त्यामुळे तिथे शंकेला जागा उरते. हम्पबॅकला मात्र 1966 पासूनच संरक्षण होते. त्याचे मांस सत्तावीस वर्षे शीतगृहात पडून होते, हे मानणे जड जाते. खरे उत्तर पुढे नॉर्वेने दिले. 1997 पासून तिथे वैध शिकारीतल्या प्रत्येक मिंकची जनुकीय नोंद ठेवली जाऊ लागली. बाजारातला तुकडा नोंदवहीतल्या कोणत्याच प्राण्याशी जुळला नाही, तर खुलासा विक्रेत्याने करायचा.

भारतात हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेत सुनील कुमार वर्मा आणि लालजी सिंग यांनी सायटोक्रोम-बी या जनुकाच्या आधारे असंख्य प्राण्यांना एकाच पद्धतीने ओळखण्याची युक्ती विकसित केली. 2003 मध्ये ती प्रसिद्ध झाली. त्यामुळे नमुना कोणत्या प्राण्याचा असावा, याचा आधी अंदाज बांधण्याची गरज उरली नाही. तरी मर्यादा आहेच. हे जनुक आईकडूनच येते, त्यामुळे संकर असल्यास अर्धी कहाणी झाकलेली राहते. रानडुक्कर आणि पाळीव डुक्कर तर एकाच जातीचे. एकाला कायद्याचे संरक्षण, दुसऱ्याला नाही. तिथे नुसते जातीचे नाव सांगून भागत नाही, आणखी बारीक तपासणी लागते.

मग चाचणीवरचा विश्वास फाजील म्हणायचा का? नाही. नाव ठरल्याशिवाय खटला उभाच राहत नाही. पण तो तुकडा कुठे, केव्हा, कोणाकडे सापडला आणि सीलबंद मुद्देमाल वाटेत बदलला नाही ना, हे सांगणारा कागद पंचनाम्याचाच असतो. तो कच्चा असेल, तर प्रयोगशाळेने अचूक सांगितलेले नावही न्यायालयात निराधार ठरते.