तांबड्या रश्श्याचा जनक राजा होता का?

१/ तांबड्या-पांढऱ्या रश्श्याचा विषय निघाला की कोल्हापुरात एक कथा हमखास ऐकू येते : राजर्षी शाहू महाराज शिकारीला जात, आणि त्यांच्या मुदपाकखान्यात हा रस्सा जन्मला. पॅरिसमध्ये कांद्याच्या सूपविषयीही हुबेहूब अशीच कथा सांगतात. पंधरावा लुई रात्री शिकारगृहात परतला, कोठीत कांदे, लोणी आणि शॅम्पेन एवढेच उरले होते, आणि त्यातून सूप जन्मले. खंड दोन, राजे दोन, शिकार मात्र एकच! इथेच इतिहासाच्या विद्यार्थ्याने सावध व्हावे.

२/ पॅरिसचे प्रकरण आधी हातावेगळे करू. लुईचा जन्म १७१० चा. ला व्हारेन या फ्रेंच बल्लवाचार्याचा पाकग्रंथ १६५१ मध्ये छापला गेला आणि त्यात कांद्याच्या सूपची कृती आहे : कांदे पातळ चिरावेत, लोण्यात परतावेत, पाण्यात शिजवावेत, वर पावाचा कडक तुकडा घालावा. म्हणजे राजा जन्मण्याच्या एकोणसाठ वर्षे आधीच सूप छापील पानावर होते. आणि एखादी कृती छापली जाते, तेव्हा ती चुलीवर जुनी झालेली असते.

३/ दुसरी कथा अधिक गोड आहे. लुईचा सासरा, पोलंडचा पदच्युत राजा स्तानिस्लास, व्हर्सायला जाताना एका खाणावळीत उतरला. तिथले कांद्याचे सूप त्याला इतके आवडले, की घरच्या झग्यातच तो स्वयंपाकघरात गेला आणि कृती शिकूनच निघाला. अलेक्झांडर द्यूमाच्या १८७३ च्या पाककोशात हा किस्सा येतो. नीट वाचा : या कथेत राजा शिष्य आहे, गुरू खाणावळीचा आचारी आहे. तरीही सूपला नाव राजाचेच मिळाले!

४/ या सूपचे खरे घर पॅरिसचा ‘ले आल’ हा मध्यवर्ती बाजार. १९६९ मध्ये तो शहराबाहेर रुँजीला हलवला गेला. तोवर रात्रभर गोण्या वाहणारे हमाल पहाटे तिथे हे सूप पीत. स्वस्त कांदा, शिळा पाव, हाडांचे पाणी. फ्रेंच ‘सूप’ या शब्दाचा मूळ अर्थच मुळी रसात भिजलेला पावाचा तुकडा असा आहे. रश्श्यात भाकरी कुस्करून खाणाऱ्याला हा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

५/ आता कोल्हापूर. इथे छापील पुरावा हाताशी नसला, तरी पातेल्यातले जिन्नस स्वतःच साक्ष देतात. तांबडा रंग मिरचीचा, आणि मिरची अमेरिका खंडातली. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतले, त्यानंतर ती घाट चढून वर आली. त्याआधी, बाराव्या शतकात, कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराने ‘मानसोल्लासा’त मांसाचे अनेक पदार्थ वर्णिले; तिथे तिखटपणा मिऱ्याचा आणि आल्याचा. शाहू महाराज १८९४ मध्ये गादीवर आले, तेव्हा मिरची या मुलखात कैक पिढ्या मुरलेली होती. ती रश्श्यात पडायला राजाज्ञेची वाट पाहत थांबली असेल, हे मला तरी पटत नाही.

६/ पांढरा रस्सा पाहा. हळद-मिठात आले-लसूण लावून मटण शिजवले की जे पाणी सुटते, ते ‘अळणी’. तेच दोन्ही रश्श्यांचे मूळ. अर्ध्यात नारळाचे दूध, तीळ, खसखस घातली की पांढरा. अर्ध्यात चटणी आणि भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचे वाटण घातले की तांबडा. थोड्या मटणात मोठे घर जेवावे, ही खरी किमया. राजाच्या कोठीला अशा काटकसरीची गरज नव्हती. खंडीभर पाहुणे येणाऱ्या शेतकरी घराला होती.

७/ आणि कांदा? मनुस्मृतीने तो द्विजांना वर्ज्य ठरवला. पाचव्या शतकाच्या आरंभी आलेला चिनी यात्री फाहियान मध्यदेशाविषयी लिहितो, की इथे चांडाळांखेरीज कोणी कांदा-लसूण खात नाही. वर्णन अतिशयोक्त असेल, पण कांद्याची सामाजिक पायरी त्यातून कळते. त्याच कांद्यावर उभा राहिलेला रस्सा आज शहराचा मानबिंदू आहे. त्याला राजवाड्याची वंशावळ चिकटवण्याची घाई कुठून येते, हे इथे ध्यानात येते.

८/ थोडे शास्त्र. कांद्याचा तपकिरी रंग आणि खमंग वास ज्या रासायनिक क्रियेतून येतो, तिचे वर्णन फ्रेंच शास्त्रज्ञ मायार याने १९१२ मध्ये केले. (खासबाग मैदान पुरे झाले तेच वर्ष!) सुमारे १४० अंशांवर ही क्रिया वेगाने होते, उकळत्या पाण्याच्या तापमानाखाली ती होते, पण तासन्‌तास घेते. म्हणूनच विजेच्या स्लो कुकरमध्ये फ्रेंच सूपचा कांदा रात्रभर ठेवतात, आणि सुटलेले पाणी आटावे म्हणून झाकण किंचित उघडे ठेवतात. कोल्हापुरी घराने उलटी वाट धरली : अख्खा कांदा थेट निखाऱ्यात, काळे साल काढायचे, पाट्यावर वाटायचे. मंद आच मात्र मटणासाठी राखलेली : पितळी पातेले, वर पाणी घातलेले ताट, खाली विझत आलेली लाकडे.

९/ स्लो कुकरचे कुळही राजवाड्यातले नाही. शिकागोच्या अर्व्हिंग नॅक्सनला त्याचे पेटंट १९४० मध्ये मिळाले. लिथुआनियातील ज्यू घरे शब्बाथच्या आदल्या सायंकाळी चुलंटचे भांडे भटारखान्याच्या निवत्या भट्टीत रात्रभर ठेवत, ही आईकडून ऐकलेली आठवण त्याच्या डोक्यात होती.

१०/ उन्हाळ्यात घरोघर वर्षाची कांदा-लसूण चटणी होते. मिरच्यांची देठे खुडायची, कांदा वाळवायचा, मग सारे डंकावर कुटून आणायचे. खोकत, डोळे पुसत हे काम बायकांनी केले. त्यांची नावे कोणत्याही दंतकथेत नाहीत.

११/ शाहू महाराजांना खाद्य-इतिहासात मानाचे पान द्यायचेच असेल, तर त्यासाठी दंतकथेची गरज नाही. पागेत काम करणाऱ्या गंगाराम कांबळे यांना पाण्याच्या हौदाला शिवल्याबद्दल मारहाण झाली. महाराजांनी त्यांना नोकरीतून मोकळे केले आणि पैसे देऊन कोल्हापुरात चहाचे हॉटेल काढायला लावले. नाव ‘सत्यसुधारक’. अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायला गिऱ्हाईक येईना. तेव्हा महाराज आपली गाडी त्या दारासमोर थांबवत, भर रस्त्यात कांबळ्यांकडून चहा मागवत, स्वतः पीत आणि सोबतच्यांनाही पाजत.