माळ्यावरचा जुना टीव्ही खाली काढलात? थेट प्लग लावू नका

लाकडी शटरचा क्राऊन, डायनोरा किंवा हैदराबादच्या ईसीआयएलचा ‘ईसी’ टीव्ही माळ्यावर सापडला की पहिला मोह होतो तो लावून बघण्याचा. तिथंच घात होतो. वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या सेटमधले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, म्हणजे मेकॅनिकच्या भाषेत कंडेन्सर, सुकलेले असतात. थेट वीज दिली तर फुटतात, सोबत इतर पार्टही जातात. म्हणून आधी ते बदला आणि पहिली वीज १०० वॅटच्या सिरीज बल्बमधून द्या. बल्ब जुना तारेचाच हवा, एलईडी चालत नाही. क्षणभर पेटून मंदावला तर ठीक. लख्खच राहिला तर आत शॉर्ट आहे.

पिक्चर ट्यूबवर १० हजारांहून जास्त व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही चार्ज टिकतो. हे काम पहिल्यांदा जाणत्या मेकॅनिकसमोरच करा. ट्यूबची मागची मान मोडली तर सेट गेलाच म्हणा. दुसरी ट्यूब मिळाली तर भंगारातल्या सेटमधूनच.

पडदा उजळला तरी मुंग्याच दिसतील, कारण दूरदर्शनचं अ‍ॅनालॉग प्रक्षेपण जवळपास सगळीकडं बंद झालंय. सेट-टॉप बॉक्स जोडायला आरएफ मॉड्युलेटर लागतो. तो व्हीएचएफचाच घ्या, यूएचएफवाला बहुतेक जुन्या ट्यूनरला पकडता येत नाही.