गावाची राखण आणि पोलीस पाटील

पोलीस खाते निघण्यापूर्वी मराठी मुलखातील खेड्याची राखण पाटलाकडे असे. कुलकर्णी व चौगुला त्याच्या मदतीला असत. रात्रीची गस्त, वेशीवरचा पहारा आणि चोराचा माग ही अंगमेहनतीची कामे महारांकडे, पुणे-सातारा भागात रामोशांकडे, तर खानदेशात बऱ्याच ठिकाणी भिल्लांकडे असत. पेशवाई बुडाल्यावर १८१९ मध्ये माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने जिंकलेल्या मुलखाचा अहवाल लिहिला, त्यात या व्यवस्थेचे वर्णन आहे. वेशीतून कोण आले, कोण गेले हे राखणदाराने पाहायचे, परका माणूस उतरला की पाटलाच्या कानावर घालायचे आणि गावातल्या प्रत्येकाची चालचलणूक ठाऊक ठेवायची.

चोरी झाली की राखणदार पावलांचा माग काढीत शिवेपर्यंत जाई. माग पलीकडे गेला असेल तर तो शेजारच्या गावच्या राखणदाराला दाखवायचा, पावलाचे माप त्याच्या हवाली करायचे आणि तिथून पुढे शोधाचे काम त्याचे. असा माग शिवेमागून शीव ओलांडत जाई, आणि ज्या गावात तो बुजला त्या गावावर भरपाईचा बोजा येई. निदान रिवाज तरी असा होता. ज्याचे चोरीस गेले त्याला सगळेच परत मिळे असे नाही. शिवाय दरोडेखोरांना आसरा देऊन त्यांच्या लुटीत वाटा घेणारे पाटीलही होतेच. तरी राखणीत कसूर झाली तर भुर्दंड कोणाला, हे सर्वांना माहीत होते. राखणदाराचे पोटही गावावरच चाले. सुगीला खळ्यावरून त्याचा हक्काचा वाटा उचलला जाई, आणि चोऱ्या वाढल्या की त्याला तोंड दाखवायची जागा तेच खळे असे.

शहरातला कोतवाल मात्र अशा नात्यात बांधलेला नव्हता. पुण्याचा घाशीराम सावळदास १७७७ पासून कोतवाल होता, तो नाना फडणवीसांच्या मर्जीतला. ऑगस्ट १७९१ मध्ये त्याच्या माणसांनी तेलंगी ब्राह्मणांना अरुंद जागेत कोंडले आणि त्यांतले वीसहून अधिक गुदमरून मेले. जमाव खवळला, घाशीरामाला त्याच्या हवाली करावे लागले आणि त्याला दगडांनी ठेचून मारण्यात आले. विजय तेंडुलकरांच्या १९७२ च्या नाटकामुळे हे नाव घरोघरी पोचले. चौदा वर्षे लोकांना जाब विचारायची एकही वाट नसलेल्या शहराने अखेर तो असा विचारला.

कंपनी सरकारने गावची व्यवस्था मोडली नाही, पण तिची दोरी आपल्या हातात घेतली. पहिला फटका रामोशांना बसला. पुरंदरसारख्या किल्ल्यांची राखण गेली, वतने व हक्क गेले, आणि पुरंदर परिसरातच उमाजी नाईकाचे बंड उभे राहिले. ३ फेब्रुवारी १८३२ रोजी त्याला पुण्यात फाशी दिले. पुढे तर ज्यांनी पिढ्यानपिढ्या गावे राखली ते रामोशी गुन्हेगारीचा शिक्का बसलेल्या जमातींत गणले गेले. आज महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत त्यांचे नाव आहे ते यामुळेच.

मुंबई इलाख्यासाठी १८६७ मध्ये दोन कायदे झाले, एक जिल्हा पोलिसांसाठी व दुसरा गाव पोलिसांसाठी. पाटीलकीही फुटली: सारा गोळा करणारा मुलकी पाटील वेगळा, बंदोबस्त पाहणारा पोलीस पाटील वेगळा. भाऊबंदांत पाळीने चालणाऱ्या वतनात यामुळे भांडणाला आणखी एक कारण मिळाले. किरकोळ मारामारी किंवा शिवीगाळ करणाऱ्याला २४ तासांपर्यंत चावडीत अडकवण्याचा अधिकार पोलीस पाटलाला होता. बाकीचे काम वर्दी देण्याचे. विहिरीत प्रेत सापडले, गंजीला आग लागली, कोणी संशयित मुक्कामाला आला, की कागद लिहायचा आणि महाराने तो घेऊन रात्री-अपरात्री ठाण्याची वाट धरायची. वर्दी उशिरा पोचली तर पाटलाची खरडपट्टी निघे.

इथेच सारे उलटे झाले. चोरीची भरपाई आता गावाला द्यायची नव्हती, आणि पाटलाला जाब विचारणारा गावकरी राहिला नाही, फौजदार आला. त्याचा मुक्काम पडला की चावडी झाडून घ्यायची, घोड्याला वैरण, शिपायांना दूध-कोंबड्या पुरवायच्या. हा सगळा भार गोरगरिबांवर पडे आणि वेठ महार-मांगांच्या वाट्याला येई. पंचनाम्यावर अंगठा द्यायला कोणी राजी नसे, कारण एकदा नाव कागदावर चढले की ठाण्याच्या खेपा सुटत नसत. पोलिसांकडे लोक भ्रष्ट व जुलमी म्हणून पाहतात, असे खुद्द सरकारने १९०२ मध्ये नेमलेल्या फ्रेझर आयोगालाच नमूद करावे लागले.

या रचनेच्या तळाशी असलेल्या महार वतनावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हल्ला चढवला. १९२८ मध्ये त्यांनी मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. तुटपुंज्या मोबदल्यावर अष्टौप्रहर राबवून घेणारे हे वतन म्हणजे गुलामी, अशी त्यांची मांडणी होती. गावच्या राखणीचा अभिमान सांगणाऱ्यांनी हा हिशेब सहसा मांडलेला नाही. कनिष्ठ गावकामगारांची वतने प्रत्यक्षात रद्द व्हायला मात्र स्वातंत्र्यानंतरही १९५०चे दशक सरत यावे लागले. वंशपरंपरेची मुलकी पाटीलकी १९६२ च्या कायद्याने गेली, पण पोलीस पाटील हे पद टिकले.

१९६७ च्या महाराष्ट्र ग्रामपोलीस अधिनियमाने ते वारशाने नव्हे, नेमणुकीने भरले जाऊ लागले. आता उमेदवार परीक्षा देतो, नेमणूक प्रांत कार्यालयातून होते, काही पदे महिलांसाठी राखीव असतात आणि मानधन मिळते. गुन्हा व अनैसर्गिक मृत्यूची खबर देणे, तपासात मदत करणे ही कामे जुनीच. १५ ऑगस्ट २००७ पासून गृहमंत्री आर. आर. पाटील यांच्या पुढाकाराने महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली आणि गावातले तंटे समितीपुढे सामोपचाराने मिटवण्याच्या कामात पोलीस पाटलालाही जागा मिळाली. हातभट्टीची किंवा वाळूउपशाची खबर ठाण्याला द्यायची तीही त्यानेच, आणि ज्यांची खबर द्यायची ते बहुधा त्याच्याच आळीत राहतात.