खोट्या नोटांचा खरा धडा

मे महिन्याच्या सुटीत मुले ‘व्यापारा’चा पट मांडून बसतात. कागदी नोटा मोजल्या जातात, शहरे विकत घेतली जातात, भाडे वसूल होते आणि अखेरीस एकजण धनवान व बाकीचे कंगाल होऊन डाव मोडतो. करमणुकीच्या या साधनाचा जन्म मात्र शिकवणीसाठी झाला, हे थोड्यांनाच ठाऊक असते.

5 जानेवारी 1904 रोजी एलिझाबेथ मॅगी या अमेरिकन स्त्रीला ‘जमीनदाराचा खेळ’ या पटाचे पेटंट मिळाले. हेन्री जॉर्ज या अर्थचिंतकाच्या 1879 सालच्या ‘प्रगती आणि दारिद्र्य’ या ग्रंथाचा तिच्यावर प्रभाव होता. वस्ती वाढते, रस्ते येतात, म्हणून जमिनीचे मोल चढते. ते वाढीव मोल एकट्या मालकाच्या पदरी न पडता समाजाला मिळावे, असे जॉर्ज यांचे म्हणणे. मॅगीच्या पटावरील एका कोपऱ्याचे नाव ‘भूमाता’ होते. तेथून पुढे जाणाऱ्यास श्रमाची मजुरी म्हणून 100 डॉलर मिळत. देणे न भागवू शकणाऱ्यासाठी अनाथालयासारखे एक ‘गरीबघर’ही होते. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात स्कॉट निअरिंग हे प्राध्यापक हाच पट मांडून अर्थशास्त्र शिकवीत. 1935 मध्ये पार्कर ब्रदर्स कंपनीने अवघ्या 500 डॉलरांना मॅगीचे हक्क घेतले, आणि मक्तेदारीचा दोष दाखविणारा खेळ ‘मोनॉपली’ या नावाने मक्तेदारीचाच उत्सव झाला. आपला ‘व्यापार’ त्याच वंशातला.

ख्रिस्तसभेचाही या वादाशी संबंध आला. मे 1891 मध्ये पोप तेरावे लिओ यांनी ‘रेरूम नोव्हारूम’ हे विश्वपत्र काढून जमिनीच्या खाजगी मालकीचा हक्क उचलून धरला, आणि मजुराला पोटापुरते वेतन मिळणे ही न्यायाची बाब आहे, असेही बजावले. ही टीका आपल्यावरच आहे असे मानून जॉर्ज यांनी त्याच वर्षी पोपमहाशयांना जाहीर पत्र लिहिले. लहान शेतकऱ्याचा तुकडा हीच त्याच्या लेकरांची भाकर असते. म्हणून पोपमहाशयांची भूमिका आम्हांस अधिक समतोल वाटते. तथापि, वाढलेले मोल कोणाचे, हा जॉर्ज यांचा प्रश्न उरतोच.

तो प्रश्न आपल्या नवी मुंबईत रक्त सांडून विचारला गेला. 1970 मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे व तत्कालीन कुलाबा जिल्ह्यांतील 95 गावांची भातशेती, मिठागरे शहरासाठी घेतली गेली. जानेवारी 1984 मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनावर उरण तालुक्यात गोळीबार होऊन पाचजण हुतात्मे झाले. विकसित जमिनीतील साडेबारा टक्के वाटा भूमिपुत्रांना देणारी योजना त्या लढ्याचे फळ होय. ज्या इमारतींत आज आपली कुटुंबे सुखाने राहतात, त्यांच्या पायाखाली कोणाची तरी भातखाचरे होती.

पालकहो, धर्मशिक्षणाच्या वर्गात हा पट दोनदा मांडावा. पहिला डाव नेहमीचा. दुसऱ्या डावात जमिनीचे भाडे एका सामाईक थैलीत टाकावे आणि प्रत्येक फेरीनंतर सर्वांना सारखे वाटावे. मॅगीने सुचविलेल्या दुसऱ्या नियमांचा गाभा हाच होता. मग कोणता डाव न्यायाचा वाटला, ते मुलांनाच विचारावे. लेवीय ग्रंथातील पन्नासाव्या वर्षाचा नियम, ज्याने गमावलेली जमीन मूळ कुटुंबाला परत मिळे, त्यांना त्यानंतर वाचून दाखवावा. तो त्यांना सहज समजेल, असा आमचा विश्वास आहे.