बदली कार्ड ते ‘नो-शो’ : भरवशाचा हिशेब कोण मांडतो?

माणसांच्या भेटीगाठी जमवणाऱ्या संकेतस्थळांवर एक पद्धत रुळली आहे. कार्यक्रमाला ‘येतो’ म्हणून नाव नोंदवायचे. आला नाहीत, तर आयोजक तुमच्या नावापुढे ‘नो-शो’ची खूण करणार. २००२ साली न्यूयॉर्कमध्ये सुरू झालेले ‘मीटअप’ हे त्यातले परिचित नाव. अशा खुणा साठल्या की हा सभासद भरवशाचा, तो बिनभरवशाचा, असा शिक्का तयार होतो. आता आपल्या अभ्यासवर्गांच्या आणि वाचनगटांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही ‘कोण किती वेळा आला नाही त्याची यादी ठेवा आणि पुढच्या वेळी त्याला घेऊ नका’ असा सूर निघू लागला आहे.

सूचना साधी वाटते. पण परळ, लालबाग, दादरच्या माणसाने ती ऐकताच सावध झाले पाहिजे. हजेरीवरून माणसाची लायकी ठरवण्याचा प्रयोग याच गिरणगावात आपल्या आजोबा-पणजोबांवर झालेला आहे.

जॉबरची मर्जी

गिरणीत कामगाराची निवड मालक स्वतः करत नसे. ती जॉबर करत असे. बायकांवर नायकीण असे. कोणाला घ्यायचे, कोणाची रजा चालवून घ्यायची, कोणाला घरी बसवायचे, हे त्यांच्या हातात. साहजिकच ‘भरवशाचा कामगार’ म्हणजे जॉबरच्या मर्जीतला, त्याच्या गावचा, त्याच्या नात्यातला किंवा वेळेवर दस्तुरी देणारा. १९२९ साली नेमलेल्या व्हिटली कमिशनने १९३१ च्या अहवालात शिफारस केली की भरती आणि बडतर्फीतून जॉबरला बाजूला काढावे आणि कामगार अधिकारी नेमावेत. खूण करणाऱ्याचा स्वार्थ खुणेत उतरतो, हे ब्रिटिश सरकारच्या कमिशनलाही दिसले होते.

मग १९३५ साली मुंबईच्या गिरणीमालक संघाने बदली-नियंत्रणाची पद्धत आणली. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला निवडक लोकांना बदली कार्डे द्यायची. कार्डवाल्याने रोज सकाळी गिरणीच्या दारात हजर राहायचे. कायम कामगारांपैकी कोणी आला नसेल तर त्याच्या जागी याला आत घ्यायचे. जॉबरची वशिलेबाजी आटोक्यात यावी, हा त्यामागचा हेतू.

आता हा हिशेब नीट वाचा. बदली कामगार रोज दारात उभा. काम असेल तर आत, नसेल तर मजुरी बुडवून परत. कामगार आला नाही तर गैरहजेरी त्याच्या नावावर. पण तो आला आणि गिरणीने काम दिले नाही, तर ती गैरहजेरी कोणाच्या नावावर? गिरणीच्या ‘नो-शो’ची वही कोणी उघडली? रोज न चुकता येणारा माणूस ‘तात्पुरता’ ठरला आणि त्याला परत पाठवणाऱ्या गिरणीच्या भरवशाबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही!

कामगार बेशिस्त, त्याचा जीव गावाकडे, म्हणून तो टिकत नाही, असे मालक सांगत. इतिहासकार राजनारायण चंदावरकर यांनी १९९४ च्या ग्रंथात याची दुसरी बाजू मांडली. बाजाराच्या चढउताराप्रमाणे माणसे कमीजास्त करता यावीत म्हणून अशी अस्थिर मजुरी मालकांनाच सोयीची होती. म्हणजे व्यवस्थेची गरज कामगाराचा स्वभाव म्हणून खपवली गेली. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला, तेव्हाही बदली कामगारांना कायम करा ही मागणी शिल्लकच होती.

जात आधी, खूण नंतर

आपल्या माणसांच्या बाबतीत तर हजेरीचा प्रश्न पुढचा होता. विणकाम खात्यात मजुरी जास्त. पण धोट्यातली कांडी बदलताना धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि त्याचा सवर्ण कामगारांना विटाळ होई. म्हणून अस्पृश्य कामगाराला त्या खात्याचे दार बंद. त्याची हजेरी कितीही चोख असली तरी तिथे तिची किंमत शून्य. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी पुढाऱ्यांना बजावले की सर्व खात्यांत काम करण्याचा अस्पृश्यांचा हक्क मान्य करा, नाहीतर मी त्यांना संपात न उतरण्यास सांगेन. तेव्हा कुठे ती मागणी यादीत आली.

यातून शिकायचे ते हे. गुण देणारी वही फक्त आत आलेल्यांना मोजते. दाराबाहेर कोण राहिले आणि का राहिले, ते तिच्यात कधीच उमटत नाही. उलट जुना पूर्वग्रह आकड्याचे कपडे घालून ‘तटस्थ’ म्हणून मिरवू लागतो.

आज कोण येत नाही?

रविवारच्या अभ्यासवर्गाला कोण येऊ शकत नाही, ते पाहा. ज्याचा पुढच्या पाळीचा माणूस आलाच नाही असा सिक्युरिटी गार्ड. ऑर्डर सोडली तर रेटिंग घसरेल म्हणून धावणारा डिलिव्हरी बॉय. घरातल्या आजारी माणसाला सोडून निघता न येणारी ताई. लालबागची खोली विकून बदलापूरला गेलेल्या कुटुंबातला आणि मेगाब्लॉकमध्ये अडकलेला मुलगा. स्वतःची वेळ स्वतःच्या हातात असणे हीच एक मिळकत आहे. ती ज्याच्याकडे आहे तो ‘विश्वासू’ ठरणार, आणि जिच्यासाठी चळवळ आहे ती ताई ‘बिनभरवशाची’. दोन खुणा पडल्या की ती भांडायला येणार नाही. ती गुपचूप ग्रुप सोडेल.

यावर आयोजकांचे म्हणणे खोटे नाही. हॉलचे भाडे भरावे लागते, जेवण वाया जाते, बाहेरगावच्या वक्त्यासमोर रिकाम्या खुर्च्या दिसतात. शब्द देऊन न येणे हा दुसऱ्याच्या कष्टाचा अपमानच आहे. प्रश्न एवढाच की त्यावर जॉबरचा मार्ग धरायचा की संघाचा?

२५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत बाबासाहेबांनी आठवण करून दिली होती की भिक्खू संघाला ठराव, गणपूर्ती, मतमोजणी यांचे नियम ठाऊक होते. त्याच संघाच्या विनयात सम्मुखविनय आहे, म्हणजे ज्याच्याविषयी निर्णय घ्यायचा त्याच्या समोरच घ्यायचा. उपोसथाला आजारी भिक्खू येऊ शकला नाही तर तो दुसऱ्याकरवी आपली संमती कळवतो आणि ती धरली जाते. वर्षावास संपताना पवारणा होते. तेव्हा प्रत्येक जण स्वतःच इतरांना विनंती करतो की माझा दोष दिसला असेल तर सांगा. या विनंतीतून थोर भिक्खूही सुटत नाही.

हे आपल्या गटात आणणे अवघड नाही. न आलेल्याला आधी फोन करा, खूण नको. ‘येत नाही’ हा निरोप येण्याइतकाच मानाचा धरा. नोंद ठेवायचीच असेल तर ती ज्याची आहे त्याला दिसू द्या, त्याचे कारण तिच्यात लिहू द्या आणि ठरावीक मुदतीनंतर ती पुसा. तीच ती माणसे पुन्हा पुन्हा गळत असतील तर वेळ आणि जागा बदलून पाहा. आणि त्याच वहीत आयोजकांचेही पान असू द्या. कार्यक्रम किती वेळा उशिरा सुरू झाला, किती वेळा ऐनवेळी रद्द झाला, रात्री उशिरा संपल्यावर मुली घरी कशा पोहोचल्या, हे त्या पानावर लिहा.

गिरण्यांच्या जागी आज टॉवर आहेत. दारात उभा राहिलेला बदली कामगार कोणाच्या स्मारकात नाही. त्याची आठवण ठेवायची असेल, तर निदान आपल्या दारात कोणाच्या हाती बदली कार्ड देऊ नका.

जय भीम!