गरोदरपणात शुगर निघाली : नॉर्मल बाळंतपण की ठरवून सिझर?

सातव्या महिन्यात रिपोर्ट येतो, डॉक्टर म्हणतात "शुगर निघाली आहे", आणि घरात लगेच दोन तट पडतात. सासूबाई म्हणतात, "आमची सगळी घरीच झाली, सिझर कशाला?" माहेरची अम्मी म्हणते, "धोका नको, तारीख ठरवून मोकळे व्हा." ज्या बाईचे बाळंतपण आहे तिला मात्र कुणी विचारत नाही. हा निर्णय भीतीने किंवा हट्टाने घेण्याचा नाही. त्यासाठी काही गोष्टी आधी समजून घ्यायला हव्यात.

शुगर म्हणजे नेमके काय?

आपल्याकडे सरकारी दवाखान्यात ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून पाजतात आणि दोन तासांनी रक्त तपासतात. आकडा १४० किंवा त्याहून जास्त आला तर गरोदरपणातील मधुमेह धरतात. पहिल्या भेटीत तपासणी चांगली आली तरी २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान ती पुन्हा करायची असते.

आईच्या रक्तातली जास्तीची साखर वारेतून बाळाकडे जाते. बाळ स्वतःचे इन्सुलिन जास्त तयार करते आणि त्याच्या अंगावर, विशेषतः खांद्यांवर आणि पोटावर, चरबी चढते. म्हणून अशा बाळंतपणात मोठी भीती असते ती डोके बाहेर आल्यावर खांदे अडकण्याची. त्यात बाळाच्या हाताच्या नसांना इजा होऊ शकते, श्वास कोंडू शकतो.

शुगर आहे म्हणजे सिझरच का?

नाही. केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांनुसारसुद्धा नॉर्मल बाळंतपणालाच पसंती द्यायची असते. सिझर करायचे ते दुसरे कारण असेल तर. शुगर ताब्यात असेल (उपाशीपोटी ९५ च्या आत, जेवणानंतर दोन तासांनी १२० च्या आत), बाळाचे वजन बेताचे असेल आणि डोके खाली असेल, तर बहुतेक बायकांना नॉर्मलसाठी प्रयत्न करता येतो. ३९ आठवडे झाल्यावरही कळा आल्या नाहीत तर डॉक्टर औषध देऊन कळा आणण्याचा सल्ला देऊ शकतात.

ठरवून सिझर केव्हा योग्य?

• सोनोग्राफीत बाळाचे वजन चार किलोपेक्षा जास्त दिसत असेल तर ३९ व्या आठवड्यात सिझरचा विचार करावा, असे त्याच सूचना सांगतात.
• वार गर्भाशयाच्या तोंडावर असेल किंवा बाळ आडवे असेल.
• आधीच्या सिझरमध्ये गर्भाशयावर उभा छेद घेतला असेल.
• आईचे ब्लडप्रेशर फार वाढले असेल किंवा बाळाचे ठोके बिघडत असतील. अशा वेळी ३९ आठवड्यांची वाट पाहता येत नाही.

एक लक्षात ठेवा, सोनोग्राफीतले वजन हा अंदाज असतो. तो खऱ्या वजनापेक्षा दहा-पंधरा टक्के वर-खाली होऊ शकतो. म्हणून एकाच आकड्यावर अडून न बसता बाळाची वाढ गेल्या काही आठवड्यांत कशी झाली तेही विचारा.

पहिले सिझर असेल तर?

आधीचा छेद आडवा असेल आणि दुसरी अडचण नसेल तर नॉर्मलचा प्रयत्न करता येतो. असा प्रयत्न करणाऱ्या दर चार बायकांपैकी साधारण तिघींचे नॉर्मल होते. जुना टाका उसवण्याचा धोका दोनशेत एक असा असतो. तो कमी वाटला तरी त्यात जिवावर बेतू शकते. म्हणून हा प्रयत्न रक्त, भूलतज्ज्ञ आणि ऑपरेशनची सोय चोवीस तास असलेल्या दवाखान्यातच करावा, घरी किंवा छोट्या प्रसूतिगृहात नाही.

सिझरचाही हिशोब मांडा. शुगर असलेल्या बाईच्या टाक्यांत पू होण्याची भीती जास्त असते. प्रत्येक सिझरनंतर पुढच्या खेपेला वार जुन्या व्रणात रुतण्याचा धोका वाढतो. तीन-चार मुलांचा विचार असलेल्या घरांनी हे पहिल्याच सिझरच्या वेळी डॉक्टरांशी बोलावे.

आणि जुम्याचा दिवस मिळावा किंवा दुबईहून आलेल्या नवऱ्याची सुट्टी संपते आहे म्हणून ३७ व्या आठवड्यातच तारीख घेऊ नका. शुगर असलेल्या आईच्या बाळाची फुप्फुसे तयार व्हायला उशीर लागू शकतो.

सही कुणाची?

सज्ञान बाईच्या उपचाराची संमती तिची स्वतःची असते. जिवावर बेतलेले नसेल तर ती भुलेखाली असताना आईने दिलेली संमतीही तिची धरता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये एका खटल्यात स्पष्ट केले आहे. नवरा किंवा सासरे गावाहून येईपर्यंत ऑपरेशन थांबवून ठेवणे म्हणजे दोन जीव धोक्यात घालणे. आपल्या दीनमध्येही मशवऱ्याला मोठे स्थान आहे. सूरह बकराच्या २३३ व्या आयतीत बाळाचे दूध सोडवण्याचा निर्णयसुद्धा आई-बापाने एकमेकांच्या सल्ल्याने घ्यावा असे आले आहे. मग बाळंतपणाच्या निर्णयात आईला कसे वगळता येईल?

डॉक्टरांना हे विचारा

१. माझ्या बाबतीत सिझरचे नेमके कारण कोणते?
२. बाळाचे वजन किती आणि वाढ कशी आहे?
३. नॉर्मलचा प्रयत्न फसला तर ऑपरेशन किती वेळात होईल?
४. कळा चालू असताना शुगर कोण आणि किती वेळाने तपासेल?
५. बाळासाठी काचेच्या पेटीची सोय इथेच आहे का?
६. लेडी डॉक्टर मिळेल का? (हे आधीच विचारा. ऐन वेळी नसेल तर त्यासाठी उपचार थांबवू नका.)

खर्चाची चिंता असेल तर सरकारी रुग्णालयाकडे पाठ फिरवू नका. २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात तिथे नॉर्मल आणि सिझर दोन्ही मोफत आहेत. औषधे, रक्त, जेवण आणि नेण्या-आणण्याची गाडीही त्यात येते.

बाळ आल्यावर

अशा बाळाची शुगर जन्मानंतर एकदम उतरू शकते. कानात अजान द्या, पण पहिल्या तासाभरात आईचे दूध पाजा. पहिला चीक फेकू नका. तहनीकसाठी मध चाटवू नका, एक वर्षाच्या आत मध धोक्याचा असतो. बाळाची शुगर तपासून घ्या. आईनेही सहा आठवड्यांनी ग्लुकोजची तपासणी पुन्हा करावी, कारण पुढे तिला कायमचा मधुमेह होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते.

नॉर्मल झाले म्हणून कुणी मोठी होत नाही आणि सिझर झाले म्हणून कुणी कमी आई ठरत नाही. माहिती घ्या, मशवरा करा, दुआ करा. आई आणि बाळ दोघे सुखरूप घरी आले की निर्णय बरोबर होता असे समजा.